संध्याकाळचा दर

साठीला टेकलेल्या माणसाला आकड्या म्हणणं बरं दिसत नाही, कबूल. पण नाव पडलं ते पडलं. वीज मंडळात मीटर रीडर म्हणून लागला तेव्हा तो अगदीच पोरसवदा होता. नवा नवा असतानाच एका लाइनमननं खांबावरून आरोळी ठोकली, "अरे ए आकड्या, तुझे आकडे राहू देत, आधी शिडी धर!" तेव्हापासून तो आकड्या. ज्यानं नाव ठेवलं तो लाइनमन त्याचा दादा झाला, लाइनमनची बायको वहिनी झाली, आणि दोन्ही घरांचं असं जुळलं की एकाकडे चहाचं आधण चढलं की दुसरा दारात हजर.

आकड्याचं काम बघायला सोपं. घरोघर जायचं, मीटर बघायचा, आकडा लिहायचा. पण लोक मीटर कुठे कुठे बसवून घेतात, ते त्याला विचारा! कुणाचा जिन्याखाली सायकलींच्या मागे, कुणाचा संडासाच्या दारावर, एका महाभागाचा तर कपड्यांच्या कपाटात. म्हणजे मीटर बघायचा तर पार घरात शिरावं लागे, आणि लोकांच्या घरात शिरायचं तर जीभ गोड आणि नजर खाली हवी. आकड्याची दोन्ही होती. त्याची एक पद्धत होती. मीटरसमोर उभा राहून तो आकडा मोठ्यानं वाचायचा, म्हणजे घरच्यांनी येऊन खात्री करून घ्यावी. कोण येतंय! भांडी घासता घासता आतून आवाज यायचा, "लिहा!" सगळ्या वस्तीत कुणी कधी उठून बघितलं नाही. याचा त्याला केवढा अभिमान. बायकोला सांगायचा, "माझ्या शब्दावर चालतं हो सगळं." बायको म्हणायची, "मग बिल भरताना का बोंबलतात?"

लाइनमन निवृत्त झाला तो फुप्फुसं गमावून. सबस्टेशनला आग लागली होती तेव्हा छातीत धूर गेला, असं त्याचं म्हणणं. वहिनी म्हणायच्या, "धूर गेला खरा, पण आगीचा कुठला? जन्मभर तोंडात सिगारेट, आणि दोष बिचाऱ्या ट्रान्सफॉर्मरला!" कारण काही का असेना, त्याच्या खुर्चीशेजारी एक मशीन येऊन बसलं. चाकांचं, गुडघ्याच्या वर येईल एवढं, हवेतला ऑक्सिजन ओढून नळीतून नाकाला देणारं. दिवसरात्र त्याची घरघर चालू. डॉक्टरांनी बजावलं होतं, हे थांबवायचं नाही. थोडा वेळ बंद राहिलं तर लगेच काही होणार नाही, पण रोज रोज बंद राहिलं तर हृदय थकत जाईल, आणि थकलेलं हृदय परत ताजं होत नाही.

मशीन वीज खायचं बकाबका. पण मंडळाचा एक नियम चांगला होता. घरात असं मशीन असलं की त्या घराला एकच कमी दर, दिवसा काय, रात्री काय. आणि बिल थकलं तरी वीज तोडायची नाही. ही सवलत लाइनमनच्या घराला मिळवून द्यायला मंडळाच्या कचेरीत खेटे कुणी घातले? आकड्यानंच. साहेब भेटत नाही म्हटल्यावर साहेबाच्या दारात ठाण मांडून बसला. हे मुद्दाम सांगतोय. पुढे जे झालं ते बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं म्हणून झालं, असं कुणाला वाटायला नको.

मग कायदा आला. तोवर वीज म्हणजे मंडळ. साऱ्या देशाला मिळून एकच दुकान, आवडो न आवडो. नव्या कायद्यानं सांगितलं, ज्याला वीज विकायची त्यानं विकावी, आणि ज्याला ज्याच्याकडून घ्यायची त्यानं घ्यावी. खांब तेच, तारा त्याच, बटण दाबल्यावर लागणारा दिवाही तोच. बदलणार ते बिलावरचं नाव आणि दर. टीव्हीवर मंत्री सांगत होते की स्पर्धा होईल, भाव उतरतील, ग्राहक राजा होईल. लाइनमन नाकातली नळी सारखी करत म्हणाला, "राजा म्हणे! अरे, मी भल्या भल्या राजांच्या घरचे फ्यूज बांधलेत. एकालाही फ्यूज कुठाय ते सांगता आलं नाही." हसता हसता त्याला ठसका लागला, आणि वहिनींनी मंत्र्यांचं तोंड बंद केलं.

कायदा वाईटच होता असं मी म्हणणार नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचं बिल खरोखर उतरलं. त्याच्या भट्ट्या पहाटे चालतात आणि पहाटेची वीज स्वस्त, तो खूश. पण कायद्यापाठोपाठ नवे मीटर आले, स्वतःचा आकडा स्वतःच पाठवणारे. मग रीडर कशाला हवेत? मंडळानं सगळ्यांना बोलावलं, चहा पाजला, दोन शब्द ऐकवले आणि घरी पाठवलं. आकड्या घरी बसला. म्हणजे बसवेना म्हणून फिरत राहिला. लिफ्टमध्ये शिरला की मजल्याचे आकडे मोठ्यानं वाचायचा. शेजारीण घाबरली. बायको म्हणाली, "अहो, काहीतरी काम बघा, नाहीतर मला वेड लागेल."

तर काम चालून आलं. एका नव्या वीज कंपनीनं डोकं लढवलं. वस्तीत अनोळखी पोरगा पाठवला तर लोक साखळीसुद्धा काढत नाहीत. मग ज्यांना दारं उघडतात असेच लोक का घेऊ नयेत? कंपनीनं जुने रीडर गोळा केले. निळं जाकीट दिलं, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. लोकांना मंडळाकडून फोडायचं आणि कंपनीकडे आणायचं. ठरलेली घरं आणली तर नोकरी कायम, नाही तर राम राम.

एका हॉलमध्ये खुर्च्या मांडून त्यांना शिकवलं. ट्रेनर टाय लावलेला, आकड्याच्या जावयाच्या वयाचा, स्वभावानं वाईट नव्हता. त्यानं समजावलं की सुरुवातीचे काही महिने दर एकदम कमी. त्यानंतर वेळेप्रमाणे दर. दुपारी आणि रात्री स्वस्त, पण संध्याकाळी जेव्हा सगळेच दिवे आणि विजेच्या शेगड्या लावतात तेव्हा महाग, चांगलाच महाग. आकड्यानं हात वर केला. "साहेब, घरात ऑक्सिजनचं मशीन असलं तर? मंडळात सवलत असते."

"ती मंडळाची सवलत आहे काका. मंडळ सोडलं की ती गेली."

"मग त्यांना सांगायचं?"

ट्रेनर हसला. "विचारलं तर सांगा की. नाही विचारलं तर तुम्ही कशाला आपण होऊन विषय काढता?"

सगळे हसले. आकड्याही हसला. आणि मनाशी म्हणाला, दादाच्या घराला आपण हात लावायचा नाही, बस्स.

आणि लावला नाही हो, बरेच दिवस नाही लावला. बाकीची वस्ती मात्र त्यानं सपासप केली. दार उघडायचं, "या मीटरवाले," चहा यायचा, टॅबवर कमी दराचा मोठा ठळक आकडा तो मोठ्यानं वाचायचा, आणि पुढचं वाचायच्या आत समोरचा म्हणायचा, "लिहा!" अंगठा टेकवला की काम झालं. पण मुदत संपत आली आणि एक घर कमी पडलं. एकच. राहिलेल्या दारांना एक तर कुलूप होतं, नाहीतर दुसऱ्या कंपनीचा माणूस आधीच येऊन गेलेला. आकड्याला बायकोचं तोंड दिसलं, लिफ्ट दिसली, घरातली ती लांबच लांब दुपार दिसली. जिने तो जन्मभर चढला होता, पण दादाचा जिना त्या सकाळी त्याला संपता संपेना.

लाइनमन खुशीत होता. "अरे वा, जाकीट! बँडमध्ये वाजवायला लागलास की काय?" आकड्यानं टॅब काढला. मोठा आकडा वाचला. लाइनमननं टॅबकडे पाहिलंसुद्धा नाही. जुन्या थाटात हात हवेत उडवून म्हणाला, "लिहा!"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "भावजी, आमच्या मशीनचं काही बदलत नाही ना हो?"

आता बघा. विचारलं तर सांगायचं होतं की नाही? आणि विचारलं. स्वच्छ, मराठीत, नाव घेऊन विचारलं. "दर उतरतोय वहिनी," तो म्हणाला. "उतरतोय दर." आणि लाइनमनचा अंगठा धरून त्यानं काचेवर टेकवला.

नोकरी कायम झाली. बायकोनं सगळ्यांना फोन करून सांगितलं. आणि आकड्यानं दादाच्या घरी जाणं सोडलं. आधी कामाचं निमित्त, मग गुडघ्याचं. महिन्यामागून महिना बिल कमी येत होतं, ते वहिनी फोनवर कौतुकानं सांगत, तेव्हा तो स्वतःला समजवायचा की बघ, झालं ना भलंच, उगाच जिवाला खातोस. पण फ्रिजची घरघर सुरू झाली की त्याचा घास तोंडात फिरायचा. बायकोनं विचारलं, "तुमचं आणि दादांचं काही बिनसलंय का?" तर तो तिच्यावरच खेकसला. खोट्या माणसाला राग फार लवकर येतो.

आणि मग ते स्वस्ताईचे महिने संपले. दिवसही लहान झाले होते, लवकर अंधारायचं. औषधांच्या दुकानात वहिनी समोर आल्या.

"काय भावजी, आमच्या घराचा रस्ता विसरलात?" हसल्या, पण चेहरा ओढलेला. "अहो, बिल कुठच्या कुठे गेलंय! मी संध्याकाळच्या शिवणाच्या क्लासला आणखी मुली घेतल्यात, पण पुरं कुठून पडायचं? तुम्ही एकदा येऊन मीटर बघा ना. काहीतरी बिघडलंय. तुम्ही बघितलंत की माझी खात्री होईल."

"बघतो," आकड्या म्हणाला.

मीटर ठणठणीत होता हे त्याला न बघता माहीत होतं. त्या दिवशी तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यापर्यंत गेला आणि बेकरीतून पाव घेऊन परत आला. घरात आधीच पाव होता. असं करता करता शेवटी एका संध्याकाळी, वहिनी क्लासला गेल्या असतील अशा बेतानं, तो जिना चढला. दादा एकटा भेटला तर सांगून टाकू, एवढाच काय तो धीर.

दार नुसतं लोटलेलं होतं. ढकलून आत गेला आणि जागच्या जागी थांबला. घर गप्प होतं. मशीनची घरघर नव्हती.

लाइनमन खिडकीशी बसला होता. खुर्चीच्या हातांवर दोन्ही कोपरं रोवलेली, मान पुढे, खांदे कानांपर्यंत चढलेले. ओठांचा रंग जांभळट. नळी खुंटीवर नीट गुंडाळून टांगलेली.

"दादा! अरे, लाइट गेलीय का?"

"लाइट आहे." लाइनमननं दोन श्वास घेतले. "मशीनला सुट्टी."

आकड्या बटणाकडे धावला तर लाइनमननं पाय आडवा घातला. "थांब. अजून दर... उतरायचाय."

"वेडाबिडा झालास काय?"

"ती क्लासला गेली की... बंद करतो. ती यायच्या आत चालू. बोललास तिला तर याद राख." मध्ये मध्ये थांबत, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा तो बोलत होता, आणि वर हसत होता. "संध्याकाळी भार कसा चढतो, मी बघितलंय ना जन्मभर. सगळं गाव एकदम दिवे लावतं. मग भाव चढणारच. कंपनीचं काय चुकलं? आणि तुझं तर..." इथे त्याला थांबावं लागलं. "तुझं तर काहीच नाही."

त्याचा पाय बाजूला सारून आकड्यानं बटण दाबलं, नळी सोडवली आणि स्वतःच्या हातानं दादाच्या नाकाला लावली. घाईत पहिल्यांदा ती गालावरच लागली. मग खुर्चीसमोर जमिनीवर बसला.

"दादा, मला माहीत होतं. मंडळ सोडलं की सवलत जाते, हे मला आधीपासून माहीत होतं. मी ट्रेनरला विचारलं होतं. एक घर कमी पडत होतं रे मला. वहिनींनी विचारलं तेव्हा मी सरळ टाळलं. फसवलं मी तुला."

मशीन चालू होतं. ओठांचा रंग हळूहळू परत येत होता.

"मलाही शंका आली होती," लाइनमन म्हणाला. "मंडळाचा माणूस ना मी. मग म्हटलं, आकड्या आहे. त्यानं बघितलं असेल." मग त्यानं विचारलं, "कायम झालास ना पण?"

"झालो."

"चला. बरं झालं."

टोमणा असता तर आकड्यानं सोसला असता. तो टोमणा नव्हता. लाइनमनला खरंच बरं वाटलं होतं, आणि आकड्या लहान पोरासारखा ढसाढसा रडायला लागला.

"रडू नका," मागून आवाज आला. वहिनी दारात उभ्या होत्या. क्लास लवकर सुटला होता. हातात कापडांची पिशवी होती, आणि किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी पिशवी खाली ठेवली, आत आल्या, आधी नवऱ्याची नळी बघितली, त्याची नखं बघितली, आणि मग आकड्याकडे वळल्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला, भावजी."

"हो."

"मी विचारलं होतं."

आकड्या मान वर करेना. वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलत होत्या, जणू स्वतःलाच. "बिल आलं त्या दिवशी मी यांना बोलले. समोर ताट होतं यांच्या, आणि मी बोलले. म्हटलं, रात्रंदिवस नुसते ओढताय, एक दिवस घर ओढून न्याल. श्वासाबद्दल बोलले मी यांना. माझा नवरा श्वास घेतो म्हणून चिडले मी." त्यांचा आवाज फुटला. "म्हणून बंद करत होतात होय तुम्ही? म्हणून?"

"अगं, जाऊ दे ना..." लाइनमन म्हणाला.

"तुम्ही बोलू नका. दम लागतो तुम्हाला." त्यांनी त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. आकड्या उठून कधी गेला, ते त्यांनी बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं निळं जाकीट कंपनीच्या टेबलावर ठेवलं. ट्रेनर म्हणाला, "काका, एवढं मनाला काय लावून घेता?" आकड्यानं गळ्यातलं ओळखपत्रही काढून ठेवलं. मग मंडळाची कचेरी गाठली. कायद्यानं मंडळात परत जाता येतं, पण सांगितल्याबरोबर नाही. कंपनीला आगाऊ कळवायचं, मुदत संपायची वाट बघायची, आणि मशीनची सवलत पुन्हा पहिल्यापासून मागायची. ज्या दारात तो एकेकाळी ठाण मांडून बसला होता तिथे आता कुणी साहेबच नव्हता. फोन करा म्हणाले, आणि फोनवर एक बाई एक दाबा, दोन दाबा सांगत होती. आकड्या दाबत राहिला. दिवस दिवस दाबत राहिला.

डॉक्टरांनी लाइनमनला तपासलं. हृदयावर सूज आली होती. यापुढे काळजी घ्या, ते म्हणाले, पण मागचं जे गेलं ते गेलं. पूर्वी लाइनमन नळी ओढत स्वयंपाकघरापर्यंत जायचा, आता खुर्चीतून पलंगापर्यंतच.

मंडळाचा दर परत सुरू होईपर्यंत संध्याकाळच्या बिलाचा भार आपण उचलायचा, असं आकड्यानं ठरवलं. वहिनींनी नको म्हटलं नाही. नको म्हणणं परवडणारं नव्हतं, आणि तेही त्याच्याचमुळे. रोज त्या क्लासला निघायच्या वेळी तो येतो आणि परत येईपर्यंत मशीनशेजारी बसतो. लाइनमन पत्ते काढतो, त्याला हरवतो, चिडवतो, सगळं पहिल्यासारखं. तो विसरलाय की नाही कुणास ठाऊक. विचारायची आकड्याची छाती होत नाही.

वहिनी दार उघडतात, बाजूला होतात आणि आत वळून सांगतात, "कंपनीचे ते आलेत."

कंपनी त्यानं सोडली, हे वहिनींना चांगलं ठाऊक आहे. त्यांना परत भावजी म्हणा असं सांगायचा हक्क आपल्याला नाही, हे आकड्यालाही ठाऊक आहे. तो "हो" म्हणतो, चपला काढतो आणि आत जातो.